खालचा ओठ

फोटो काढणाऱ्या बाई “हं, हसा” म्हणाल्या आणि नेमकं त्याच वेळी मेजर ड्युअर्ट, चेहऱ्यावरचं हसू जागचं न हलवता, ब्रिनच्या कानाशी म्हणाले, “मेडिकलचं अजून व्हायचंय, लक्षात आहे ना?” ब्रिन म्हणाली, “हो सर.” तिनेही हसू हलू दिलं नाही. दोघांच्या मध्ये दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक होता. एक टोक त्यांनी धरलेलं, एक तिने, आणि समोर शाळेचं अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. गणिताचं, पोहण्याचं, बँडचं बक्षीस असलं तर लोक बसून टाळ्या वाजवतात. गणवेशातला माणूस स्टेजवर आला की उठतात. अमेरिकेतल्या या इरी शहरात ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, ती येतेच. ब्रिनला त्या टाळ्या पलीकडच्या गल्लीत चालल्यासारख्या ऐकू आल्या. मेजर म्हणाले त्यात नवीन काही नव्हतं, तिला ते ठाऊकच होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट कुणी हसत हसत कानात सांगितली की ती दुसरीच गोष्ट होऊन बसते. तो फोटो पुढे शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला. त्यात ती एखादा बरा विनोद ऐकल्यासारखी दिसते.

प्रकरण साधंच होतं. सैन्य तिच्या कॉलेजची चारही वर्षं फी भरणार होतं. बदल्यात शिकता शिकता पहाटेची कवायत आणि पदवीनंतर अधिकारी म्हणून नोकरी. हिवाळ्यात निवड झाली, त्यानंतर वैद्यकीय तपासणी झाली आणि एका ओळीचं उत्तर आलं, अपात्र, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. लढाईत कुणाच्या पोटात काय जाईल याचा नेम नसतो, आणि शेंगदाण्याने घसा सुजून मेलेला अधिकारी कुणालाच परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं ब्रिनला पटलंसुद्धा. उरली एकच वाट, वेव्हर. म्हणजे अपात्र आहे हे मान्य करूनही वरच्या कचेरीने ‘असू दे, चालेल’ म्हणायचं. लहानपणची अ‍ॅलर्जी काहींची मोठेपणी जाते, तशी हिची गेली असेल तर वरच्यांना त्याचा पुरावा हवा होता. मुलीने डॉक्टरसमोर बसून शेंगदाणे खावेत आणि तिला काही होऊ नये. ही चाचणी बक्षीस समारंभानंतरच्या आठवड्यात होती. पण समारंभाची तारीख ठरलेली, चेक छापून आलेला, आणि मेजरांनी कुरकुर केली तेव्हा प्रिन्सिपल म्हणाले म्हणे, “अहो, शेवटी सगळ्यांचं होतंच हो ते.” इथे असंच चालतं. बाजारात तुरी असल्या तरी आधी केक कापतात. वेव्हर मिळाला नाही तर राज्याच्या दुसऱ्या टोकाचं ते विद्यापीठ, तिथे पूल बांधायला शिकणं, सगळं राहिलं. मग आईच्याच सुपरमार्केटात, आईच्या शेजारच्या गल्ल्यावर उभं राहायचं. एवढं स्पष्ट होतं, आणि ब्रिनला स्पष्ट गोष्टींचा त्रास होत नसे.

चेक गाडीत मावेना. शेवटी आईने, म्हणजे रोंडा नोव्हाकने, एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसरा हात खिडकीबाहेर काढून चेकचा वरचा कोपरा धरला, आणि मागच्या खिडकीतून खालचा कोपरा ब्रिनने. तळ्यावरून वारा येत होता आणि पुठ्ठा शिडासारखा फुगत होता. सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून अंगठा दाखवला. आईनेही हॉर्न वाजवला. ब्रिनने आईला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि ती स्वतः मात्र पुठ्ठ्याची कड बोटांना कापते आहे का एवढंच बघत होती. घरी चेक कोचाच्या मागे उभा राहिला. रे मामा, आईचा भाऊ, स्वतः वीस वर्षं सैन्यात काढून आलेला, दुसऱ्या दिवशी येऊन चेकभोवती फिरला, पुठ्ठ्यावर टिचकी मारून म्हणाला, “बँकेत वटवायला फोर्कलिफ्ट लागेल.” मग ब्रिनकडे वळला. “पीनट बटरचं एवढं मनावर घेऊ नकोस. आमच्या शिध्याच्या पाकिटात कायम असायचं ते. घट्ट, दगडासारखं. अ‍ॅलर्जी नसलेल्यालाही गिळताना देव आठवायचा.” आई म्हणाली, “रे, पुरे.” तो म्हणाला, “मी काय म्हणतोय? तू हिला इतकं जपलंयस, शत्रूने बॉम्ब टाकला तरी पोरगी आधी त्यावरचं लेबल वाचेल.” आई हसली. तिला ती स्तुती वाटली, आणि ती स्तुतीच होती.

सोमवारपासून सुपरमार्केटात आईच्या गल्ल्यावर लोक थांबून बोलू लागले. “रोंडा, पोरीने नाव काढलं हं.” “आमच्या चर्चमध्ये फादरनी सांगितलं, सगळे उठून उभे राहिले म्हणे.” “आता तुझी काळजी मिटली बाई.” आई म्हणायची, “हो ना, थँक यू,” आणि दुधाचा कॅन, अंडी, कुत्र्याचं खाणं मशीनवरून सरकवत राहायची. मेडिकलचं अजून व्हायचंय हे सांगायचं तर रांगेत किती जणांना सांगणार, आणि कोणत्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करणार? पहिल्याला सांगितलं नाही, मग दुसऱ्याला सांगता येईना. असं करता करता सगळ्या वस्तीने ब्रिनला कॉलेजात पोचवून टाकलं. फक्त ब्रिन तेवढी अजून इथे होती.

आता जून अर्धा सरला होता. शाळा संपली होती, चाचणी होऊन गेली होती, तिचे कागद वर गेले होते, आणि ब्रिन तळ्याकाठच्या आइस्क्रीमच्या खोक्यात खिडकीशी उभी राहून कोन भरत होती. ही नोकरी तिला तिच्या मैत्रिणीने, मारिसोलने लावून दिली. पूर्वी ब्रिनला या खिडकीच्या वाऱ्यालाही उभं राहता आलं नसतं, कारण इथे हाताशीच स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची भरड असे आणि अर्धं शहर आपलं आइस्क्रीम त्यात लोळवून घेई. आता ती स्वतः लोळवत होती. बोटांना तेल लागे. घरी जाताना हात धुवायचे की नाही याचा विचार करावा लागे, कारण आता धुवायचं काही कारण नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की ती फोन काढून सैन्याच्या साइटवरचं आपल्या अर्जाचं पान उघडायची. त्यावर एकच शब्द असे, ‘विचाराधीन’. पान ताजं केलं की क्षणभर शब्द जाई आणि परत येई. मेजर मधूनमधून फोन करत. “काही कळलं नाही, कळलं की सांगतो. तू कशी आहेस?” ती म्हणे, “मी बरी आहे सर.” हे खोटं नव्हतं. खरं म्हणजे तिला काहीच होत नव्हतं. मारिसोल म्हणाली, “मी तुझ्या जागी असते तर नखं कोपरापर्यंत खाल्ली असती. तू आहेस की फ्रीझर आहेस?” ब्रिन म्हणाली, “आत्ता फ्रीझरच्या आतच आहे,” आणि खरंच ती व्हॅनिलाचा डबा काढायला आत वाकलेली होती. थंडीने हात बधिर झाले, ते तिला बरं वाटलं. निदान त्या बधिरपणाला कारण होतं.

मारिसोलची आणि तिची ओळखच मुळी शेंगदाण्यावरून झालेली. शाळेच्या जेवणघरात ब्रिनसाठी वेगळं टेबल होतं. त्यावर प्लास्टिकच्या पाटीवर लाल रेघ मारलेला शेंगदाणा. ज्याच्या डब्यात शेंगदाण्याचं काही नाही त्यानेच त्या टेबलाशी बसायचं. आणि या देशात आया घाईत असल्या की पोराच्या डब्यात पावाला पीनट बटर फासून देतात, आणि आया कायम घाईत असतात. त्यामुळे टेबल बहुधा रिकामंच. तिसरीत मारिसोल नवीन आली. तिच्या डब्यात भात आणि घेवडा. इंग्रजी यथातथाच येत असल्याने पाटीचा अर्थ न कळता ती थेट येऊन बसली, आणि मग बसतच राहिली. त्याआधीचं टेबल ब्रिनला नीट आठवतं. मेणकापडाचा वास, आपला चमचा ठेवल्याचा आवाज, आणि चार टेबलांपलीकडे चाललेली गर्दी. तिला वाईट वाटायचं का? वाटत असेल. पण तिला मुख्य आठवतं ते हे, की दुपारी आई फाटकाशी उभी असे, आणि ‘कसा गेला दिवस’ विचारण्याआधी हनुवटीला बोट लावून म्हणे, “तोंड उघड बघू.” ओठ बघायची, जीभ बघायची, कानामागे बघायची. पोरीच्या अंगावर काय उठतंय ते पोरीआधी तिला कळायचं. चार वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला ब्रिनने बिस्किटाचा तुकडा खाल्ला होता. खेळणारी सगळी पोरं एकसारखी धूळभरली दिसत असताना अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून आईने ओळखलं, की हिचं तोंड बदललंय. ब्रिनला त्यातलं आईचं धावणंच फक्त आठवतं. आई जाड होती तेव्हा, आणि धावताना तिचा एक बूट निघाला. तो तिने घातला नाही.

त्यानंतर आई लेबलं वाचणारी बाई झाली. सुपरमार्केटातली नोकरीही तिने त्यासाठीच धरली असं रे मामा म्हणतो. कोणत्या कंपनीच्या बिस्किटांत काय, कुणाच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर काय काय फिरतं, तिला सगळं तोंडपाठ. हॅलोविनला ब्रिन दारोदार फिरून पिशवी भरून गोळ्या-चॉकलेटं आणे आणि आई जमिनीवर फतकल मारून त्यांचे दोन ढीग करी. मोठा ढीग मामाकडे जाई. डॉक्टरांच्या खोलीत आई इतके प्रश्न विचारी की उभे राहून बोलणारे डॉक्टर शेवटी खुर्ची ओढून बसत. ब्रिन गप्प बसे. तिला आपल्या घशाबद्दल, कातडीबद्दल, श्वासाबद्दल काही विचारलं की ती आधी आईकडे बघे. ‘मला खाजतंय का?’ हा प्रश्न तिने लहानपणी खरोखर आईला विचारलेला आहे, आणि आईने नीट बघून ‘नाही’ असं उत्तर दिलेलं आहे. मग खाज गेलेली आहे.

चाचणीच्या दिवशी म्हणूनच आई खोलीत असणार यात प्रश्न नव्हता. खोली लहान, भिंती फिक्या निळ्या, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. त्यावर एक माणूस न थांबता केक सजवत होता. शार्लीन नावाची नर्स सफरचंदाच्या गरात शेंगदाण्याची पूड कालवून आणी. आधी चमच्याच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढी, मग थोडं थांबून थोडी जास्त, मग आणखी. प्रत्येक वेळी ती बाळाला विचारावं तसं विचारी, “ओठ? जीभ? घसा? पोट?” ब्रिन म्हणे, “काही नाही.” रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळून सुटे. चवीबद्दल ब्रिनला कुतूहल होतं. ज्या गोष्टीने आपल्याला मारलं असतं ती लागते तरी कशी? गोडूस, कोरडी, टाळ्याला चिकटणारी. एवढंच. इतक्या वर्षांत जिची भीती घातली ती बाई प्रत्यक्षात भेटल्यावर अगदीच साधी निघावी, तसं काहीतरी तिला वाटलं, आणि तेही लगेच सरलं. आई खिडकीखालच्या खुर्चीत बागकामाचं मासिक घेऊन बसली होती. ती त्या दिवशी एकही प्रश्न विचारत नव्हती. शार्लीनलाही ते जाणवलं असावं, कारण ती म्हणाली, “आईसाहेब आज अगदी शांत.” आई म्हणाली, “मोठी झाली आता ती. तिचं ती सांगेल.” ब्रिनला ते ऐकून छातीत काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटलं. अभिमान वाटायला हवा होता.

शेवटचा घास म्हणजे सरळ पीनट बटरच होतं, भरलेला चमचा. तो खाऊन झाला. टीव्हीवरचा माणूस साखरेचे गुलाब करत होता. आणि तेव्हा खालच्या ओठाची डावी बाजू गेली. दुखलं नाही, खाजलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर होतं तसं फक्त नाहीसं झालं. ब्रिनने दात टेकवून पाहिला. दाताला ओठ लागला, ओठाला दात लागला नाही. जिभेचं टोक तिथे नेलं आणि परत आणलं. भीतीनेही होतं असं, तिने मनात म्हटलं. शार्लीनने सुरुवातीलाच सांगितलं होतं की काही मुलांना नुसत्या भीतीने होतं, पण काहीही झालं तरी सांगायचं, ठरवायचं काम आमचं. सांगितलं की चाचणी थांबणार. थांबली की ‘अनिर्णित’ लिहिणार. ‘अनिर्णित’ला वरची कचेरी काय म्हणेल ते मेजरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हा सगळा हिशेब ब्रिनने केला नाही. तो कुणीतरी आधीच करून तिच्या पुढ्यात ठेवला होता. “ओठ? जीभ? घसा?” शार्लीनने विचारलं. ब्रिनने आईकडे पाहिलं. आई मासिक वाचत होती. ब्रिन म्हणाली, “काही नाही.” “नक्की?” “नक्की.” शार्लीनने टॉर्च मारून घसा पाहिला, पाठीवर पुरळ उठलंय का पाहिलं, पट्टा आवळला, सोडला. सगळं ठीक. ठरलेला वेळ बसवून ठेवलं, तोवर ओठ हळूहळू परत आला. परत आल्यावर आपण तो गेल्याचं कल्पिलं असावं असं वाटावं इतक्या बेमालूमपणे आला. डॉक्टर आत येऊन हात मिळवत म्हणाले, “अभिनंदन. तू यातून बाहेर पडलीस.” ब्रिन आनंदाची वाट बघत राहिली. गाडीत बसेपर्यंत, पट्टा लावेपर्यंत, पहिल्या वळणापर्यंत. मग तिने वाट बघायचं सोडलं.

त्याच दुपारी आईने तिला सुपरमार्केटात नेलं, फळ्यांच्या ज्या रांगेत त्या दोघी कधी शिरल्या नव्हत्या तिथे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता शेंगदाणे खात राहायला हवेत, नाहीतर शरीर पुन्हा विसरेल. बरण्यांसमोर आई कितीतरी वेळ उभी. सगळ्या दुकानातला माल पाठ असलेली बाई, तिला यातलं एकही माहीत नव्हतं. “कुठलं घ्यायचं? गुळगुळीत की दाणेदार?” तिने विचारलं. ब्रिन म्हणाली, “मला काय माहीत?” तेवढ्यात ओळखीची कुणी बाई ढकलगाडी घेऊन आली आणि म्हणाली, “काय गं रोंडा, तू आणि या रांगेत?” आई म्हणाली, “बरी झाली ती.” बाईने ब्रिनला मिठी मारली. आईने पटकन जी हाताला लागली ती बरणी गाडीत टाकली. लेबल न वाचता. ब्रिनने ते पाहिलं आणि तिला उगाच वाटलं की कुणीतरी खोलीतला दिवा लावलेलाच ठेवून घर सोडून गेलंय.

तेव्हापासून रोज सकाळी टेबलावर एक चमचा. आई भरून ठेवी आणि नेमकी त्या वेळी बाहेर जाई, टपाल बघायला, कुंड्यांना पाणी घालायला, शेजारच्या मांजराला हाकलायला. ब्रिन एकटी खाई. कधी काहीच होत नसे. कधी खालच्या ओठाची डावी बाजू जाई, थोडी, आणि येई. म्हणजे जाते असं वाटे. आरशात काही दिसत नसे. ती बोटाने दाबून पाही, चिमटा काढून पाही. बधिर जागेला विचारून काय कळणार? पूर्वी अशा वेळी आईला विचारलं असतं, आणि जे आई म्हणाली असती ते खरं झालं असतं. आता आईला विचारायचं म्हणजे चाचणीत काय झालं ते सांगायचं. ते सांगायला तिची ना नव्हती. खरोखर नव्हती. रोज चमचा तोंडात घालताना तिला वाटे, आज आई आत येईल, हनुवटीला बोट लावेल आणि म्हणेल, तोंड उघड बघू. एवढं झालं असतं तरी पुरे होतं. मग पुढचं सगळं आपोआप झालं असतं, डॉक्टर, मेजर, चेक, आणि शेजारचा गल्ला. कोर्टकचेरीत जसं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, तशी ती रोज टेबलाशी बसे. बाहेर नळाचा आवाज येई. चमचा चाटून झाला की ती तो धुऊन पालथा ठेवी. मग आई आत येऊन म्हणे, “झालं?” ती म्हणे, “झालं.” आणि दोघी कामाला जात. तिने एकदा मारिसोलला विचारलं, “तुला कधी ओठ आहे की नाही ते कळेनासं झालंय?” मारिसोल म्हणाली, “हो, पहिल्यांदा चुंबन घेतलं तेव्हा. का गं? कोण आहे?” ब्रिन म्हणाली, “कुणी नाही.”

मेजरांचा फोन आला तेव्हा खिडकीपुढे मोठी रांग होती. त्यांनी नेहमीसारखं ‘कशी आहेस’ विचारलं नाही. “झालं, ब्रिन. वेव्हर मिळाला. वरून सही झाली.” एका हातात तिने अर्धा भरलेला कोन धरला होता. “थँक यू सर,” ती म्हणाली. “आज तुला मेसेज येईल, त्याला फक्त ‘मान्य आहे’ असं उत्तर दे. आणि ऐक, आता तरी थोडं ओरड. इथे मी ऑफिसात एकटाच नाचतोय.” ती म्हणाली, “हो सर,” आणि कोन पूर्ण भरून, शेंगदाण्यात लोळवून, खिडकीतल्या हातात दिला. मारिसोलने मागून कंबरेला मिठी मारून तिला उचललं, आणि खाली ठेवून म्हणाली, “जा, आईला सांग. रांग मी बघते.”

सुपरमार्केट चालत जाण्याइतकं जवळ होतं. आईच्या गल्ल्यावर तीन-चार माणसं होती. ब्रिन गिऱ्हाइकांच्या बाजूने न जाता पिशव्या भरायच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मॉम, मिळाला. मेजरांचा फोन होता.” आईच्या हातात टरबूज होतं. ते तिने वजनावर ठेवलं. रांगेतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, “काय मिळालं?” आईने सांगितलं, “स्कॉलरशिप.” ते म्हणाले, “ती तर मेमध्येच मिळाली ना? मी होतो की समारंभाला. उभा राहिलो होतो. हा गुडघा घेऊन.” आई म्हणाली, “हो, तीच.” मग त्यांना उरलेले पैसे देऊन तिने गल्ल्यावरचा दिवा बंद केला आणि सुट्टीची पाटी लावली.

मागच्या बाजूला, माल उतरवायच्या धक्क्याशी, कामगारांसाठी एक बाक होता. दोघी तिथे बसल्या. ट्रक निघून गेलेला, रिकामी खोकी चेपून रचून ठेवलेली. आईने बूट काढून पाय मोकळे केले. ती रडेल असं ब्रिनला वाटलं होतं, पण ती नुसती समोर बघत होती. तळ्याकडून मासळीचा मंद वास येत होता. ब्रिनच्या मनात बोलायचं ठरलेलं असं काही नव्हतं. मेसेज आल्याची फोनला थरथर झाली आणि तेवढ्याने तिचं तोंड उघडलं.

“मॉम, चाचणीच्या दिवशी शेवटच्या चमच्याला माझा ओठ बधिर झाला होता.”

आईने मान वळवली नाही. “खालचा,” ती म्हणाली. “डावीकडे.”

धक्क्याचं दार कुणीतरी आतून उघडलं आणि त्या दोघींना बघून परत लावून घेतलं.

“तू बघितलंस?”

“अठरा वर्षं मी दुसरं काय बघितलंय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझं तू सांगशील म्हटलं.” आईने बुटातला पाय काढला होता तो परत घातला. नाडी बांधायला ती वाकली, त्यामुळे पुढचं ती जमिनीशी बोलली. “शार्लीनने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला ते कळलं. मी त्या मासिकात एकच ओळ वाचत होते, ट्यूलिपचे कंद किती खोल लावायचे. अजून पाठ आहे. मान वर केली असती तर मला बोलावंच लागलं असतं.”

“मी रोज तुझी वाट बघायचे. सकाळी.”

“माहितेय.” आई सरळ झाली. तिचा चेहरा लाल झाला होता, वाकल्यामुळे असेल. “रोज मी नळ सोडून खिडकीतून बघायचे तुला. धाप लागते का, मान धरतेस का. एकदाही लागली नाही. लागली असती तर आले असते मी धावत. हे तुला खोटं वाटतं का?”

“नाही,” ब्रिन म्हणाली. तिला ते खोटं वाटलं नाही.

“काहीच नसेल ते. ओठच तर आहे. रे म्हणतो भीतीने होतं.”

“मामाला सांगितलंस?”

“असंच विचारलं. कुणाचं ते नाही सांगितलं.” आई उठली, एप्रन झटकला. “आता तुला सांगायचं असेल तर सांग डॉक्टरला. मी अडवणार नाही. खरंच नाही अडवणार. हे इथे सगळ्यांना तोंड दाखवायचं ते मी बघीन काय ते. पण मला सांगायला लावू नकोस, ब्रिन. माझ्याने आता ते होणार नाही. मी थकले गं तुझं तोंड बघून.” हे शेवटचं ती इतकं साधेपणाने म्हणाली की ते लागायलाही वेळ गेला. मग तिने ब्रिनच्या डोक्यावर हात ठेवला, केस सारखे केले, आणि म्हणाली, “संध्याकाळी कोंबडी नेऊ का भाजलेली? तुझ्या मामालाही बोलावू.”

“ने,” ब्रिन म्हणाली.

आई आत गेली. दार लागलं. ब्रिनने फोन काढला. मेसेजच्या खाली दोनच चौकोन होते, ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. आता भीती वाटायला हवी, तिने स्वतःला सांगितलं, आणि भीतीला यायला पुरेसा वेळ दिला. लहानपणी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून एक बाई एका बुटानिशी धावत आली होती. ती बाई आता आत गल्ल्यावर दिवा लावून उभी होती आणि तिचं काम संपलं होतं. यापुढे ब्रिनच्या तोंडात काय जातं, तोंडाचं काय होतं, हे बघणारं जगात कुणी नव्हतं. बघायचं तर तिचं तिलाच, आणि तिला तर आत्ता, काहीही खाल्लेलं नसताना, ओठ आहे की नाही तेही सांगता येत नव्हतं. तिने ‘मान्य’वर बोट दाबलं आणि आइस्क्रीमच्या खोक्याकडे परत निघाली, कारण मारिसोल एकटी होती आणि रांग मोठी होती.